वाटीभर खसखस

अबुधाबीला जायचं ठरलं ही बातमी शेळगावात पसरायला चहाला उकळी येण्याइतका वेळ लागला, आणि पसरता पसरता अबुधाबीची दुबई झाली. प्रियदर्शनी सुरुवातीला प्रत्येकाला थांबवून सांगायची, "दुबई नव्हे, अबुधाबी. राजधानी ती आहे." मग ती फक्त शिकलेल्यांना सांगू लागली. शेवटी तिची स्वतःची आई, रंगुबाई, गिरणीवाल्याला "आमी दुबईला चाललोय, दळण आधी दे" असं म्हणून रांग मोडून आली, तेव्हा प्रियदर्शनीने हा विषय सोडून दिला.

जायचं होतं ते वडिलांसाठी. कचरूराव सारी नोकरी पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याची दारं उघडायची, बंद करायची आणि मधल्या वेळात शिव्या खायच्या, असं त्या नोकरीचं स्वरूप. पाण्याची पाळी आधी कुणाची यावरून चांगली चांगली माणसं कमरेचे पट्टे काढताना त्यांनी पाहिली होती. निवृत्त झाल्यावर एकदा मोबाइलवर त्यांना ते शहर दिसलं. वाळूत काचेचे मनोरे, रस्त्याच्या मधोमध हिरवळ, आणि नदी कुठेच नाही. तेव्हापासून माणूस जेवताना मध्येच थांबायचा. "पानी कुठनं आनत असतील गं?"

"समुद्राचं पाणी गोडं करतात, आबा."

"त्ये कळलं. पन वाटतंय कोन?"

याचं उत्तर रसायनशास्त्रात नव्हतं. प्रियदर्शनी एम.एस्सी. होती आणि लोणी देवकरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. आलेला माल तपासल्याशिवाय गेटच्या आत घ्यायचा नाही हे तिचं काम होतं आणि, घरच्यांच्या मते, तिचा स्वभावही. बाजारातली कोथिंबीर ती अशी उलटीपालटी करायची की भाजीवाली आधीच म्हणायची, "ताई, पुढं जावा."

पासपोर्टच्या वेळी पहिला अडथळा आला तो रंगुबाईच्या बोटांचा. जन्मभर खुरपं आणि जातं धरलेल्या त्या बोटांचे ठसे यंत्राला दिसेचनात. समोरचा माणूस दर वेळी सौजन्याने म्हणायचा, "बोटं पुसून या." रंगुबाई पुसून यायची. यंत्र नाही म्हणायचं. गावात याची चर्चा झाली आणि उपाय सुरू झाले. कुणी लिंबू चोळा म्हणालं, कुणी ग्लिसरीन, कुणी दुधाची साय. शेजारचे सावळाराम तात्या, ज्यांचा सगळा ऊस भवानीनगरच्या कारखान्याला जायचा आणि सगळे सल्ले कचरूरावांच्या ओट्यावर यायचे, ते म्हणाले, "वहिनी, महिनाभर भांडी घासू नगा. ठसं आपोआप येत्यात." रंगुबाईला हा उपाय मनापासून पटला. भांडी प्रियदर्शनीने घासली. यंत्राने होकार दिला त्या दिवशी रंगुबाई म्हणाली, "अजून पंधरा दिस नगं का, पक्कं व्हायला?"

मग पार्सलं आली. गावातलं कुणी बाहेर निघालं की त्याची बॅग ही सार्वजनिक मालमत्ता होते. प्रियदर्शनीने दारात उभं राहून जाहीर केलं: कुणाचंही काही नेणार नाही. हा नियम पाळला गेला तो द्वारकाबाई येईपर्यंत.

द्वारकाबाई म्हणजे सावळाराम तात्यांची बायको. त्यांचा मुलगा रणजित अबुधाबीतच एसी दुरुस्त करायचा, आणि त्याची बायको राजेश्वरी तिथे नुकतीच बाळंत झाली होती. राजेश्वरीला आई नव्हती. सासू जायला निघाली होती, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून सांगितलं.

"प्रिया," द्वारकाबाई काठी टेकत ओट्यावर बसल्या, "बाळंतिनीचं लाडू तेवढं न्हे. पोरगी फोनवर रडती. म्हनती, आत्या, हितं समदं मिळतंय, पन कुनी हातात आनून द्येत न्हाय."

यावर नियम टिकणं अवघड होतं. प्रियदर्शनी म्हणाली, "नेते काकू. पण त्यात खसखस घालू नका. तिकडे खसखशीला बंदी आहे. अफूच्या बोंडातली म्हणून नशेच्या मालात धरतात. सापडली तर सरळ तुरुंग."

"खसखशीला तुरुंग?"

"हो."

"बरं बाई," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या 'बरं बाई'मध्ये किती टक्के होकार आहे हे मोजायचं साधन प्रियदर्शनीकडे नव्हतं.

निघायच्या दिवशी डबा आला. स्टीलचा, भलामोठा, वर पांढरं कापड ताणून सुईदोऱ्याने शिवलेलं, जसं पूर्वी पार्सल शिवायचे. उघडून बघायचं तर टाके उसवायला हवे होते, आणि ते टाके द्वारकाबाईंनी गुडघ्याखाली उशी घेऊन घातले होते. प्रियदर्शनीने डबा हातात फिरवला, हुंगला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माल न तपासता आत घेतला.

विमानात कचरूराव खिडकीशी बसले. खाली समुद्र लागल्यापासून त्यांनी मान वळवली नव्हती. रंगुबाईने समोर आलेला पुलाव संपवला, कोशिंबिरीची डबी पिशवीत टाकली आणि समाधानाने म्हणाली, "द्वारकाबाय बिचारी. लाडवाचं समदं ताटात काढून बसलेली. खारीक, खोबरं, डिंक, गोडंबी. खसखस तेवढी न्हवती. संपली असंल, आन मागायला लाजली असंल. म्या वाटीभर न्हिऊन दिली."

प्रियदर्शनीच्या हातातला चहा तिथेच राहिला.

"कधी?"

"तू लोणीला कामावर गेल्तीस तवा."

"आई! मी सांगितलं होतं ना, खसखस चालत नाही म्हणून!"

"तू म्हनलीस आपल्या बॅगत नगं. आपल्या बॅगत कुठं हाय? तिच्या डब्यात हाय."

"तो डबा आपल्या बॅगेत आहे!"

रंगुबाईने थोडा विचार केला. "व्हय की," ती म्हणाली.

पुढचा सगळा प्रवास प्रियदर्शनीने खुर्चीचा दांडा धरून केला. तिने वाचलेलं सगळं तिला आठवत होतं, हाच शिक्षणाचा तोटा. बॅग विमानाच्या पोटात गेलेली, विमान हवेत, डबा फेकायला जागा नाही. आईला तुरुंगात मराठी कोण बोलणार? रोज भाकरी लागते, ती कोण देणार? आणि ज्या बोटांचे ठसे पासपोर्टच्या यंत्राला महिनाभर दिसले नाहीत, ते पोलिसांना मात्र पहिल्या झटक्यात मिळतील, याची तिला खात्री होती.

अबुधाबीचा विमानतळ पांढरा, उंच आणि इतका स्वच्छ होता की त्या जमिनीवर गुन्हेगार म्हणून चालायला लाज वाटावी. सामानाच्या पट्ट्याशी तिघं उभी राहिली. आपली बॅग हरवावी अशी इच्छा करणारी तिथे प्रियदर्शनी एकटीच प्रवासी असेल. बॅग सगळ्यांत आधी आली.

"मी सांगून टाकणार आहे," ती म्हणाली. "आपण होऊन सांगितलं तर ते समजून घेतात."

"गप चल," कचरूराव ओठ न हलवता म्हणाले. "कालव्यावर आपन होऊन सांगितल्यालं कुनी समजून घेतल्यालं म्या बघितलं न्हाय."

"मग सांग, पन खसखशीचं नगं सांगू," रंगुबाईने मधला मार्ग काढला.

प्रियदर्शनी लाल पाटीच्या बाजूने गेली, जिथे सामानात काय आहे ते आपण होऊन सांगायचं असतं. मेजामागे पायघोळ काळ्या अबायातली एक तरुण अधिकारी बाई होती. प्रियदर्शनीने इंग्रजीत सगळं सांगितलं. बाईने डबा मेजावर ठेवला, कात्री घेतली आणि द्वारकाबाईंचे टाके एकेक करून कापले. प्रत्येक टाक्याला रंगुबाईच्या तोंडून बारीकसा आवाज निघत होता.

झाकण निघालं. डिंक, तूप आणि सुंठीचा वास त्या थंडगार दालनात असा पसरला की पलीकडच्या रांगेतला एक दाढीवाला माणूस वळून बघू लागला. लाडू मोठे, घट्ट, मुठीएवढे.

"हे काय आहे?" बाईने विचारलं.

प्रियदर्शनी तोंड उघडणार इतक्यात रंगुबाईने दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला आणि राजेश्वरीच्या वतीने पोटावरून हात फिरवला. "बाळंतिनीचं हाय, बाय. पोरगी झालीया. तुजीच वहिनी समज."

बाईला काय कळलं कोण जाणे, पण ती हसली. "मबरूक," तिने अभिनंदन केलं. तिने एक लाडू फोडला, भिंगातून पाहिला, बोटांनी चुरला. "मला खसखस दिसत नाही. मिठाई आहे. जाऊ शकता."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. कचरूरावांनी तर झाकण लावायला हात पुढे केला होता. पण प्रियदर्शनीचा गेटवरचा स्वभाव तिला जाऊ देईना. आज सोडलं आणि दाराशी दुसऱ्याने पकडलं तर? हुंगणारं कुत्रं आलं तर?

"भाजून वाटून घातली असेल," ती म्हणाली. "वाटल्यावर साध्या भिंगाने दिसणार नाही. मी केमिस्ट आहे."

बाईचं हसू गेलं. तिने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी पासपोर्ट घेतले आणि तिघांना एका खोलीत बसवलं. "तुम्ही स्वतः खसखस घालताना पाहिली?"

"नाही. पण आईने वाटीभर दिली होती. दिली म्हणजे घातलीच असणार." आणि तिने गोडंबी कशी दिसते, खसखस कशी दिसते, तेलाचं प्रमाण किती, मिश्रणात ती का ओळखू येत नाही, हे सगळं इतकं मुद्देसूद सांगितलं की वरिष्ठांची उरलीसुरली शंका नाहीशी झाली.

"तू सरकारी वकील का न्हाय झालीस?" कचरूरावांनी विचारलं. "आपल्याच आईला आत घालाया निघालीस."

रंगुबाईने पदर डोक्यावरून घट्ट ओढला. कचरूरावांनी वरिष्ठांकडे पाहिलं, खाकरले आणि मुलीला म्हणाले, "इचार त्यास्नी, पानी कुठनं आनता?"

"आबा, आत्ता?"

"बसलोय की रिकामं."

ती विचारेना म्हणून त्यांनी स्वतः नळ सोडल्याची, ग्लास भरल्याची खूण केली. वरिष्ठांना वाटलं म्हाताऱ्याला तहान लागली. पाण्याच्या बाटल्या आल्या. शेवटी प्रियदर्शनीने हरून प्रश्न भाषांतरित केला. वरिष्ठ क्षणभर गोंधळले, मग खुर्ची ओढून बसले आणि समुद्र, कारखाना, नळ असं सगळं सांगू लागले.

"पाळी कवा असती?"

"पाळी नसते. नळ कायम चालू असतो."

कचरूरावांनी बाटलीचं झाकण काढून आत पाहिलं. "मग ही मानसं भांडत्यात कशावरनं?" ते म्हणाले. हेही भाषांतरित करावं लागलं. वरिष्ठ मोठ्याने हसले. कदाचित त्या हसण्यामुळे असेल, कदाचित आपण होऊन सांगितल्यामुळे असेल, पासपोर्ट परत आले. समज देण्यात आली. डबा मात्र आतच राहिला. रंगुबाईने तेवढं कापड मागून घेतलं, टाके तुटलेलं.

बाहेर रणजित गाडी घेऊन उभा होता. त्याने कचरूरावांना "जयभीम काका" केलं, रंगुबाईच्या पाया पडला आणि विचारलं, "आईचा डबा कुठाय?"

सांगितल्यावर त्याने बॅगा गाडीत ठेवल्या. गाडी सुरू करताना म्हणाला, "राजेश्वरीनं सकाळपासनं चहाबरोबर काय खाल्लं न्हाय. लाडू येनार म्हणून."

प्रियदर्शनीने गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. पांढरे घुमट गेले, काचेचे मनोरे गेले, पाण्यावरचे पूल गेले. तिने महिनाभर आखलेला कार्यक्रम तिच्या मोबाइलमध्ये होता: मशीद, संग्रहालय, किल्ला, वाळवंटातली सहल. सगळं तिला दिसत होतं आणि काहीच बघवत नव्हतं.

राजेश्वरी मात्र रडली नाही. ते जास्त वाईट होतं. बाळाला खांद्यावर घेऊन ती म्हणाली, "असू द्या ताई. तुमी मुद्दाम थोडंच केलं?" आणि प्रियदर्शनीला वाटलं, मुद्दामच केलं की. अगदी पुरावे देऊन केलं.

"पोरी," रंगुबाईने पदर खोचला, "कढई हाय का घरात?"

आणि अशा रीतीने प्रियदर्शनी वाळवंटातली ती आधुनिक राजधानी पाहायला निघाली: खारीक, खोबरं आणि डिंक शोधत. खजुराच्या तर तिथे भिंतीच्या भिंती होत्या, शेंबड्या पोराच्या गालासारखा चिकट, पेटीतला, चांदीच्या कागदातला. वाळलेली खारीक म्हटलं की दुकानदार चांगली सोडून वाळलेली का मागताय, अशा नजरेने बघायचा. डिंक मात्र एका मसाल्याच्या गल्लीत गोणीत दिसला. पिवळट खडे. कोरड्या मुलखातल्या बाभळीचा. प्रियदर्शनीने एक खडा उजेडात धरला आणि ती पुढे सांगणारच होती, की इकडच्या बाभळी आणि आपल्या बाभळी एकाच कुळातल्या, पण रंगुबाई म्हणाली, "ह्यो तरी तपासलास का? मग घे."

संकट कढईतून आलं. रणजितचं घर एका उंच इमारतीच्या बऱ्याच वरच्या मजल्यावर होतं. रंगुबाईने तूप तापवलं, डिंक टाकला, तो टपटप फुलू लागला. पलीकडच्या शेगडीवर खोबरं करपून धूर निघाला. छताला लावलेली, धूर ओळखणारी एक लहानशी पांढरी डबी तांबडी झाली. मग ती ओरडली. मग सगळी इमारत ओरडू लागली. लिफ्ट बंद झाल्या. जिन्यांवरून माणसं उतरू लागली: सुटातली, लुंगीतली, एक बाई केसांना मेंदी लावलेली. खाली भाजणाऱ्या उन्हात दहा देशांचे लोक वर बघत उभे राहिले. रंगुबाई सगळ्यांत शेवटी आली, दोन्ही हातांत फडक्याने धरलेली कढई घेऊन.

"आई, कढई कशाला आणलीस!"

"ठिवून आले असते तर डिंक करपला असता."

पहारेकऱ्याने आग कुठे आहे विचारलं. रणजितने कढईकडे बोट दाखवलं. पहारेकरी जवळ आला, वाकला, आणि मेंदी लावलेली बाईही वाकली. दोघांनी एकेक फुललेला खडा चाखला आणि प्रकरण मिटलं. वर परत जाताना जिन्यात तीन मजल्यांवरच्या बायांनी कृती विचारली आणि रंगुबाईने ती सगळ्यांना मराठीतून सांगितली.

लाडू झाले. राजेश्वरीने पहिला हातात घेतला, तो खाताना मात्र ती रडली, आणि सगळ्यांना बरं वाटलं. इतक्यात द्वारकाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. टाके घालताना गुडघ्याखाली घेतलेली ती उशी प्रियदर्शनीच्या डोळ्यांसमोर आली.

"पोचलं का गं लाडू?"

"पोचलं आत्या," राजेश्वरीने लाडू पडद्यासमोर धरला. "लई चांगलं झाल्यात."

द्वारकाबाईंनी डोळे बारीक केले. "एवढं बारकं कसं? म्या तर मुठीएवढं वळलं हुतं."

राजेश्वरीने लाडू पडद्याच्या आणखी जवळ नेला.

"इमानात आकसत्यात," रंगुबाई म्हणाली. "वर हवा कमी असती. इचार प्रियाला. ती शिकल्याली हाय."

सगळ्यांनी प्रियदर्शनीकडे पाहिलं. हवेचा दाब कमी झाला तर वस्तू आकसत नाही, झालीच तर फुगते, हे तिला शाळेपासून माहीत होतं. एम.एस्सी.ची पदवी, प्रयोगशाळा, आजवरचं सगळं खरं बोलणं तिच्या जिभेवर आलं.

"हो काकू," ती म्हणाली. "दाब कमी असतो."

"आसंल बाई," द्वारकाबाई म्हणाल्या.

उरलेल्या वेळात कचरूरावांनी समुद्र पाहिला. किनाऱ्यावर वाकून बोट बुडवून चाखला, थुंकला, आणि मागच्या मनोऱ्यांकडे आदराने पाहत राहिले. वाळवंटातली सहल राहिली. मशीद गाडीतूनच झाली. संग्रहालयाऐवजी बाळाचे पाय चोळणं झालं.

शेळगावात उतरल्या उतरल्या सावळाराम तात्या ओट्यावर हजर. "काय कचरूराव, कशी हाय दुबई?"

"झ्याक," कचरूराव म्हणाले. "पन भांडायला काय न्हाय तितं."

मागून काठी टेकत द्वारकाबाई आल्या. प्रियदर्शनीने ठरवलं होतं, आता सांगून टाकायचं. लाडू पकडले, टाके कापले, सगळं. तिने सुरुवातही केली, "काकू, एक सांगायचं होतं..."

"आधी ही घे," द्वारकाबाईंनी पदराखालून एक स्टीलची वाटी काढून रंगुबाईच्या हातात ठेवली. वाटीवर ताटली झाकलेली. "तुजी वाटी राहिली हुती माज्याकडं."

रंगुबाईने ताटली उचलली. आत खसखस होती. काठोकाठ, जशी नेली तशी.

"म्हंजे?" रंगुबाईने वाटीत बोट घातलं. "लाडवात घातली न्हाय?"

"प्रिया नगं म्हनली हुती की. शिकल्याली पोर, सांगती त्ये खरंच आसनार. म्हणून तर ताटात काढली न्हवती."

"मग म्या दिली तवा घेतलीस कशाला?"

"तू एवढी मायेनं घिऊन आलीस. न्हाय कसं म्हनायचं?"

प्रियदर्शनीला ते दालन दिसलं. ते भिंग. 'जाऊ शकता' म्हणून हसलेली ती बाई. तेलाचं प्रमाण. मिश्रणात का ओळखू येत नाही ते.

रंगुबाईने वाटी शांतपणे मुलीपुढे धरली. "घे," ती म्हणाली. "तपास."

"काय तपासायचं गं तिच्यात?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"काय न्हाय, वहिनी," कचरूराव बुटातली वाळू ओट्याखाली झटकत म्हणाले. "पोरीला सवय हाय. माल सोडून दिल्यावर तपासती."